पारूबाई, मूळ गाव इटली

"हे काय?" कंडक्टरनं विचारलं.

"आजी," मी म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या मांडीवर, वाकळेत गुंडाळून सुतळीनं बांधलेली आमची पारूबाई होती. नात्यानं पणजी, पण घरात लहानथोर सगळे तिला आजीच म्हणतात.

"लगेज लागंल."

शेजारच्या सीटवरच्या मुलानं पुस्तकातून डोकं वर काढलं. "मास्तर, आजी पंच्याहत्तरच्या पुढच्या असतील तर त्यांना प्रवास मोफत आहे."

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं. "वय काय?"

"चारशेच्या आसपास."

"आधार कार्ड?"

"त्यांच्या वेळी निघालं नव्हतं," मुलगा म्हणाला. चेहरा असा, जणू बँकेत फॉर्म भरतोय.

कंडक्टर सिल्लोडच्या रस्त्यावर आयुष्य काढलेला माणूस. त्यानं वाकळेकडं पाहिलं, आमच्या दोघांकडं पाहिलं, मला महिलांचं हाफ तिकीट दिलं आणि पुढं सरकला. जाता जाता म्हणाला, "आजीला खिडकीला नका बसवू. पाऊस येतोय."

आला. परतीचा पाऊस, तिरपा, न बंद होणाऱ्या खिडकीतून सरळ आत. मुलानं बॅगेतून रेनकोट काढला. मी "नको, राहू द्या" म्हणायला तोंड उघडलं... आणि त्यानं तो खिडकीच्या बाजूनं आजीवर पांघरला. माझ्याकडं बघितलंही नाही.

आम्ही दोघं भिजत राहिलो. आजी कोरडी.

आता घरात तीन गाड्या असताना मी आजीला एसटीनं का नेत होते, ते सांगते. आमच्या घरात वाटणी झाली होती. मोठे अप्पा म्हणजे अप्पाराव, मधले माझे वडील कारभारी, ज्यांना मी अण्णा म्हणते, आणि धाकटे राजूकाका. फर्दापूरचं शेत वाटलं, विहीर वाटली, ट्रॅक्टर वारांप्रमाणं वाटला. राहिली आजी. चार-चार महिने ठेवायचं असंही ठरत आलं होतं, पण दिवाळी कुणाकडं यावर मोडलं. शेवटी तिघांनी डोकं लावलं. एकाच्या घरी गेली तर बाकीच्या दोघांची मान खाली. परक्याच्या घरी गेली तर तिघांची मान ताठ. म्हणून लिलाव. आणि एका भावाच्या गाडीतून गेली तर ती त्याची होती असं दिसेल, म्हणून एसटी. न्यायचं कुणी? तर मी. मुलगी. मला वाटेकरी कुणी धरतच नव्हतं, त्यामुळं माझ्याएवढं निःपक्ष माणूस घरात दुसरं नव्हतं.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते.

फुलंब्रीच्या अलीकडं खड्डे सुरू झाले. प्रत्येक खड्ड्याला आजी कलायची आणि त्या मुलाच्या खांद्यावर डोकं टेकायची. दर वेळी मी तिला सरळ करायचे, दर वेळी ती पुन्हा तिकडंच.

"सॉरी हं," मी म्हणाले.

"असू दे. वय झालंय त्यांचं." मग थोडं थांबून, "तुमचा खांदा जवळ आहे, तरी इकडंच येतात त्या."

"माझा रोजचाच आहे."

तो हसला नाही. फक्त खांदा थोडा खाली केला... आजीला सोयीचं पडावं म्हणून.

शहरात मध्यवर्ती बसस्थानकावर उतरताना त्यानं रेनकोट परत घेतला नाही. आजीला घरी पोचवून मग सावकाश द्या, म्हणाला. कुठं द्यायचा, ते सांगितलं नाही. नावही नाही. मी ओला रेनकोट, कोरडी आजी आणि एक बारीकसा राग घेऊन रिक्षात बसले. लिलाव करणाऱ्या कंपनीनं समर्थनगरात एक बंगला भाड्यानं घेतला होता, तिथं गेले, बेल दाबली.

दार त्यानंच उघडलं. अंगात ॲप्रन चढवत होता.

"रेनकोट सुकवून द्यायचा," तो म्हणाला.

त्याचं नाव सुदर्शन. पैठणचा. जुनी चित्रं साफ करायचं शिकून आलेला. अजिंठा बघून तो त्याच बसनं परत येत होता, आणि वाकळेतून डोकावणारी चौकट बघून त्यानं फुलंब्रीच्या आधीच ओळखलं होतं की हीच आपली कामगिरी.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही आजी म्हणालात. ओळख करून दिल्याशिवाय वडीलधाऱ्यांना चित्र कसं म्हणायचं?"

त्यानं सुतळी सोडली, वाकळ बाजूला केली आणि एक पाऊल मागं सरकून बघायला लागला. मला छाती फुगल्यासारखी वाटली. आमची आजी आहेच तशी. निळा पदर डोक्यावरून घेतलेला, नजर खाली, मांडीवर गुटगुटीत बाळ, बाळाच्या मुठीत एक पाखरू. निजामाच्या राज्यात लेण्यांतली चित्रं दुरुस्त करायला इटलीहून माणसं आली होती, आणि त्यांच्यातल्या एकाला पणजीच्या भाकरीची चटक लागली, असं घरात सांगतात. जाताना त्यानं पेटीतून हे चित्र काढून तिला दिलं. पणजीचा फोटो कधी निघालाच नाही. ती गेली, भिंतीवर ही राहिली. होता होता हीच ती झाली, आणि मांडीवरचं बाळ अर्थातच माझे आजोबा, सांडू. गावातल्या लॉजवर उतरलेले टुरिस्ट घरी येऊन चित्र बघून सांगायचे, अहो, ही तर येशूची आई. आम्ही म्हणायचो, असेल. त्यांच्याकडं पण असेल.

"नाक बघा," मी सुदर्शनला म्हणाले. "आमचं आहे."

त्यानं भिंग डोळ्याला लावून नाक बघितलं. मग भिंग न काढता माझं बघितलं. "हं," म्हणाला. "जुळतंय." भिंगातून त्याचा डोळा बशीएवढा दिसत होता, आणि मी लाजले. बशीला कोण लाजतं...

तिथून दर शनिवारी मी समर्थनगरात. कारण असं, की आजीला परक्या ठिकाणी एकटं कसं सोडायचं. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर बोल्ट तपासते आणि नापास करते. त्याच सवयीनं मी घरी आलेली स्थळंही नापास केली होती, आणि मोठी माय, म्हणजे अप्पांची बायको रत्नमाला, म्हणायची की या पोरीला नवरा नाय, नट पाहिजे.

सुदर्शनचंही काम तेच, जवळून बघायचं. त्याची आई पैठणी विणते. एक धागा हुकला तर मोराची कोंबडी होते, म्हणून लहानपणापासून नजर बारीक, असं त्यानं सांगितलं. तो कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, जिभेला लावायचा आणि आजीचा गाल पुसायचा.

"थुंकी?" मी पहिल्यांदा ओरडलेच. "आमच्या आजीला थुंकी लावतोस?" तुम्हीवरून तूवर मी अशी आले.

"मोठमोठ्या संग्रहालयांत लावतात. याच्यासारखं सौम्य काही नाही."

मला अण्णांची आई आठवली. पदराला जीभ लावून तोंड पुसायची आमचं, शाळेत जाताना. मग मी त्याला नवा बोळा दिला. एवढ्या वर्षांत आजीचं तोंड कुणी पुसलंच नव्हतं.

एका शनिवारी तो बसमधला पांढरा शर्ट घालून आला. उजव्या खांद्यावर लाल डाग.

"जात नाही," तो म्हणाला. "कितीदा धुतला. वाकळेची शिवण उसवलीय, तिथून आलंय. काय आहे हे?"

"कुंकू," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघितलं.

निघायच्या दिवशी मोठ्या मायनं आजीला मूठभर कुंकू लावलं होतं. ते ठीक. पण आमच्या घरात एक रीत आहे, ती मी त्याला सांगितली नाही. मुलगी बघायला आलेला मुलगा आधी आजीला दाखवतात. पसंत पडला, की मोठी माय आजीच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेते आणि त्याला टेकवते. मग ते लग्न कुणी मोडू शकत नाही, मुलीची सुद्धा टाप नाही. माझ्यासाठी आलेल्या एकालाही ते बोट लागलं नव्हतं, मी लागू दिलं नव्हतं. आणि याला आजीनं खड्ड्याखड्ड्यांतून स्वतः...

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तो शर्ट टाकू नकोस."

कपाळावर आल्यावर त्याचा बोळा थांबला. कंपनीनं सांगितलं होतं, कुंकू सगळं काढायचं. थरावर थर बसले होते, पोळ्याचे, दसऱ्याचे, लग्नांचे. तो वरचे थर हलक्या हातानं उतरवत गेला, आणि खाली, डावीकडं कललेला एक ठिपका निघाला.

"हा वाकडा कुणाचा?"

"माझा. अण्णांनी कडेवर घेतलं होतं. पोचत नव्हते मी."

त्यानं बोळा खाली ठेवला. "काढला तर चित्र स्वच्छ होईल," तो हळूच म्हणाला. "पण मग हिला ओळखायचं कशावरून?"

मी काड्यांवरचे बोळे मोजत बसले. बोलले असते तर रडले असते, आणि क्वालिटीच्या माणसाला ते शोभत नाही.

"हिला विकू नये असं वाटतं ना तुला?"

"मला वाटून काय. मालक तिघं आहेत. सह्या त्यांच्या."

"मग लिलावात बोली लाव."

"घरच्यांना लावता येते?"

"मालकांना नाही येत. आपलाच माल, आपणच भाव चढवायचा, असं चालत नाही. तू मालक आहेस?"

"माहीत नाही. कुणी विचारलंच नाही."

तो भिंग पुसत राहिला. उगीचच, स्वच्छ होतं ते. "मी विचारीन कधीतरी," म्हणाला.

मध्ये एकदा तिघं भाऊ कॅटलॉग बघायला आले. त्यात 'मरिया आणि बाळ येशू' असं छापायचं चाललं होतं. वाटणीपासून एकमेकांशी न बोलणारे तिघं त्या दिवशी एका सुरात बोलले. इटलीचं मूळ आम्हाला मान्य आहे, माहेर कुठलंही असू शकतं, पण नाव सासरचं लावा. तासभर हे चाललं. सुदर्शननं मध्येच पाणी आणून दिलं आणि शांतपणे सुचवलं, दोन्ही लावू. तसंच छापलं.

लिलाव डिसेंबरात, जालना रोडवरच्या एका हॉटेलात. आमच्याकडून फर्दापूरचं अर्धं गाव आलं होतं, कारण मोठ्या मायनं फतवा काढला होता की आजीची पाठवणी रीतसर होणार. बायका ओटीचं सामान घेऊन बसल्या होत्या. तिघं भाऊ तीन वेगवेगळ्या रांगांत. हॉलच्या दारात चपलांचा ढीग, कारण आजीसमोर चपला घालून कोण जाईल. ते बघून पुण्याच्या एका संग्राहकानंही बूट काढले.

पडदा सरकला. हातात पांढरे मोजे घातलेला सुदर्शन आजीच्या शेजारी उभा होता. आणि मोज्याच्या वर, कोटाच्या आत... तोच शर्ट. कॉलरच्या कडेला लाल डागाची किनार दिसत होती.

टाय लावलेल्या लिलाववाल्यानं माहिती वाचली. "मरिया आणि बाळ येशू, ऊर्फ पारूबाई आणि सांडू. इटली, अंदाजे सतरावं शतक. कपाळावरचा ठिपका..." इथं तो अडखळला, कागद डोळ्यांजवळ नेला, "कपाळावरचा ठिपका फर्दापूरचा, एकविसावं शतक. चित्राचाच भाग समजावा."

मी सुदर्शनकडं बघितलं. तो समोर बघत होता, कान तेवढे लाल.

बोली सुरू झाली. पुण्याचे संग्राहक एकीकडं आणि दुसरीकडं एक पिझ्झावाले शेठ, ज्यांना आजी भट्टीच्या वर टांगायची होती, वातावरण इटालियन वाटावं म्हणून. हे ऐकून अण्णांचं तोंड कडू झालं, मला मागून दिसलं. भाव चढत गेला. संग्राहक थांबले. शेठनी हात वर ठेवला.

"पारूबाई चालल्या," लिलाववाला म्हणाला. "एक वार..."

चालल्या म्हटल्यावर मोठी माय उठली. डोळ्याला पदर लावून तिनं घसा मोकळा केला. "पारूबाईचा..."

"उदो उदो," अख्खं फर्दापूर उठलं आणि सगळ्यांचे हात वर गेले.

आमच्याकडं उदो म्हणताना हात वरच जातात, त्यात आमचा इलाज नाही. पण लिलाववाला पुण्याचा. त्यानं उजवीकडं बोट केलं, भाव वाढवला. डावीकडं केलं, वाढवला. मागं बघितलं, आणि त्याला घाम फुटला. मोठी माय तोवर रंगात आली होती. "सांडूबाप्पाचा..." पुन्हा हात. शेठ खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

मग उदो संपला आणि हात खाली आले.

माझाही वर गेला होता, सवयीनं. बाकीच्यांचे खाली आले. माझा आला नाही. मी त्याला खाली ये म्हणाले, तो ऐकेना.

"दोन वार," लिलाववाला माझ्याकडं बघत म्हणाला. "तीन वार." हातोडा पडला. "नाव?"

"तनुजा कारभारी," मी म्हणाले. हॉल एवढा शांत झाला की शेठ पाणी प्यायलेले ऐकू आले. माझ्याकडं त्यातले किती पैसे होते, ते विचारू नका. पुढच्या जन्मापर्यंत बोल्ट तपासले असते तरी भागलं नसतं.

"थांबा," सुदर्शन म्हणाला. आजीच्या चौकटीवरचा हात त्यानं काढला नव्हता. "नियमाप्रमाणं एक विचारावं लागेल. या मालक असतील तर बोली रद्द होते. नसतील तर या गिऱ्हाईक, यांनी पैसे भरायचे." मग त्यानं अण्णांकडं बघितलं, अगदी बसमधल्या त्या चेहऱ्यानं. "कारभारीकाका, मुलगी तुमच्या घरात मालक आहे का गिऱ्हाईक?"

कुणीतरी एकदाचं विचारलं होतं.

अण्णांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी छताकडं. राजूकाकांनी मोबाइलकडं. मग अण्णा उठले. टोपी काढली, पुन्हा घातली. आजीकडं बघत राहिले, तिच्या कपाळाकडं, आणि मला कळलं की त्यांना तो वाकडा ठिपका दिसला. कडेवर त्यांनीच घेतलं होतं ना मला.

"मालक हाय ती," अण्णा म्हणाले. आवाज फाटला, म्हणून परत म्हणाले, मोठ्यानं. "आमच्या तिघांएवढीच. आम्ही तिला इचारलं नाय, ही चूक आमची. पण पारूबाईच्या घरातली पोरगी गिऱ्हाईक म्हणून उभी राहायची नाय."

माझा हात तेव्हा खाली आला.

मग अप्पा उठले, कारण धाकटा बोलल्यावर मोठ्यानं बसून राहणं बरं दिसत नाही. त्यांनी लिलाववाल्याला फर्मावलं, मालकिणीची सही नाय, इक्री नाय. राजूकाकांनी तेच पुन्हा सांगितलं, तिसरा म्हणून. लिलाववाल्यानं हातोडा पिशवीत टाकला. शेठनी टाळ्या वाजवल्या आणि आजीसोबत एक फोटो मागितला. मोठ्या मायनं त्यांना आधी बूट काढायला लावले.

आता आजी कुणाकडं, हा प्रश्न पुन्हा आलाच. तिघांचेही एकमेकांना नकार तयार होते, आणि तिघांनी एकदमच माझ्याकडं बोट केलं. इतर दोघांकडं न जाता ती कुठंही गेली तर प्रत्येकाला चालणार होतं.

"आन् तुझं लगीन झाल्यावर?" मोठी माय म्हणाली.

"जिथं मी, तिथं आजी."

"म्हंजी मुलगा आधी आजीला दाखवावा लागंल," मोठी माय म्हणाली, आणि तिची नजर हळूहळू, निळ्या पदरावरून, चौकटीवरून, पांढऱ्या मोज्यांवरून वर चढत त्या कॉलरपाशी थांबली. तिनं पदर सावरला आणि माझ्याकडं बघून एवढंसं हसली.

आजीला परत फर्दापूरला एसटीनंच नेलं, रीत पडली म्हणून. मी खिडकीत, आजी मध्ये, आणि सुदर्शन, कारण कंपनीनं माल सुखरूप पोचवायचा असतो. असं तो म्हणाला. कंपनीनं असं काही सांगितलं नव्हतं. खरं तर त्या ठिपक्यावरून कंपनीनं त्याला बरंच काही सुनावलं होतं, आणि तो ते ऐकताना म्हणे शर्टाची बाही दुमडत बसला होता.

फुलंब्री मागं पडली. थंडीत उन्हाची तिरीप, रस्त्याकडेला हुरड्याचा धूर. खड्डा आला. आजी कलली, तिकडंच.

"तनुजा," तो म्हणाला, "हा डाग... मोठी माय त्याच्याकडं बघून हसली. तू पण हसली होतीस. मला एकट्यालाच माहीत नाही असं काहीतरी आहे."

मी सांगितलं. मुलगा दाखवणं, बोट, कुंकू, सगळं. सांगताना खिडकीबाहेर बघत होते, पण त्याचा खांदा हलायचा थांबला ते मला कळलं.

"म्हणजे माझं ठरून..." तो थांबला. "ऑक्टोबरपासून?"

"आजीकडून."

"आणि तुझ्याकडून?"

मी त्याच्याकडं वळले. जवळून बघितलं, भिंगाशिवाय. कपाळ, कान, नाक... नाक आमच्याएवढं नाही, पण चालण्यासारखं. त्यानंही बघू दिलं. तपासणीला आलेल्या बोल्टसारखा निमूट.

"पास," मी म्हणाले.

तो पहिल्यांदा हसला. एवढा मोठा हसला की पुढच्या सीटवरचे आजोबा वळून बघायला लागले. आणि तेवढ्यात कंडक्टर आला. तोच. वाकळ बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"आजी परत?"

"हो. विकली नाही."

"बरं केलं." त्यानं मला हाफ तिकीट दिलं, आजीला हात जोडले आणि सुदर्शनकडं बघितलं. "आन् हे? आजीसंगं?"

"फुल," मी म्हणाले. "आणि हे आमचेच."